डिव्होर्स होतोय, होम लोन दोघांच्या नावावर आहे, पुढे काय करायचं?

रावेतकरीण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचक होते, आज स्वतःच्या प्रश्नासाठी लिहितेय. आमचा म्युच्युअल डिव्होर्स चालू आहे, पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात फर्स्ट मोशन (दोघांनी कोर्टापुढे पहिल्यांदा संमती देणं) झालीय, सेकंड मोशन (दुसऱ्यांदा, शेवटची) बाकी आहे. भांडणतंटा असा नाही, म्हणजे होता पण आता दोघंही दमलोय. अडकलंय ते फक्त घरापाशी.

रावेतला टू बीएचके आहे, २०१८ ला ५६ लाखाला घेतला, ॲग्रीमेंटवर दोघांची नावं आणि लोनवरही दोघांची, तो पहिला अर्जदार आणि मी को-ॲप्लिकंट. लोन ४४ लाखाचं होतं, आता साधारण ३६ बाकी आहे, हप्ता अडतीस हजारच्या आसपास आणि तो त्याच्या सॅलरी अकाउंटमधून कटतो, मी दर महिन्याला त्याला अठरा-वीस हजार जीपे करते. एजंट म्हणतो आज फ्लॅटला ८० येतील. मी आणि मुलगी (पहिलीत आहे) तिथेच राहतो, तो वेगळा राहतो.

त्याचं म्हणणं, फ्लॅट तू ठेव, लोनही तू घे, माझा अर्धा हिस्सा दे, आणि पुढच्या महिन्यापासून मी हप्ता भरणार नाही. वकिलांनी कन्सेंट टर्म्सचा (समझोत्याच्या अटींचा) ड्राफ्ट पाठवलाय त्यात एकच ओळ आहे, "सदर सदनिकेवरील कर्जफेडीची संपूर्ण जबाबदारी यापुढे अर्जदार क्र. २ यांची राहील." मी ही ओळ घेऊन बँकेत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला मॅडम कोर्टाचं तुम्ही कोर्टात बघा, आमच्याकडे दोघांची सही आहे. मग या ओळीचा उपयोग काय? माझा इन हँड ६८ हजार आहे, एक पर्सनल लोन चालू आहे त्याचा सहा हजार हप्ता. कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज, नातेवाइकांना विचारलं की सल्ला कमी आणि उसासे जास्त मिळतात.

जुना_बँकर

ताई, काउंटरवरचा मुलगा बोलला उद्धटपणे पण बोलला बरोबर. मी राष्ट्रीयीकृत बँकेत लोन सेक्शनला नोकरी केली, आता रिटायर आहे, ही केस आमच्याकडे वरचेवर यायची.

लोन ॲग्रीमेंट हा बँक आणि तुम्ही दोघं यांच्यातला करार आहे. कोर्टातला समझोता तुमच्या दोघांतला, त्यात बँक कुठेच पार्टी नाही, त्यामुळे त्या कागदाने बँकेचा हक्क कमी होत नाही. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ४३ बघा, दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर घेणेकरी कोणा एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकतो, अर्धी-अर्धी नाही, सगळी. ज्याने जास्त भरलं त्याने दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करायचा, तो तुमचा आपसातला मामला. तुमच्या ड्राफ्टमधली ओळ उपयोगी पडलीच तर इथे पडेल, म्हणजे उद्या त्याला भरावं लागलं तर तो तुमच्याकडून मागेल. बँकेला त्या ओळीशी देणंघेणं नाही.

आता महत्त्वाचं. हप्ता एकही चुकवू देऊ नका, कोण भरणार हा वाद नंतर घाला. पहिला हप्ता थकला की दोघांच्या सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) दिसतो, आणि हल्ली बँका महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा क्रेडिट ब्युरोला माहिती पाठवतात त्यामुळे लपून राहत नाही. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज), मग सरफेसी कायद्याची (तारण घर जप्त करून वसुलीची) ६० दिवसांची नोटीस, आणि ती दोघांच्या पत्त्यावर जाते. गंमत म्हणजे आत्ता तुम्हाला स्वतःच्या एकटीच्या नावावर लोन पाहिजे आहे, आणि त्यासाठीच सिबिल चांगला लागतो. त्याने रागाने दोन हप्ते बुडवले तर तुमचाच मार्ग बंद होतो आणि त्याचं नावही लोनवरून निघत नाही, म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. हे त्याला शांतपणे समजावून सांगा.

जीपे बंद करा. किंवा निदान दर वेळी नोटमध्ये "होम लोन हप्ता" आणि महिना लिहा. त्याहून बरं म्हणजे तुमचा वाटा थेट लोन खात्यात भरा, लोन अकाउंट नंबरवर एनईएफटी होतं. नुसत्या जीपेला उद्या कोणीही "घरखर्चाचे दिले होते" म्हणू शकतो.

त्याचं नाव काढायचे मार्ग दोनच. एक, याच बँकेत अर्ज करून को-बॉरोअर वगळायचा. बँक ते नवीन लोन असल्यासारखं तपासते, तुमची सॅलरी स्लिप, फॉर्म १६, सगळं पहिल्यापासून. दुसरा, दुसऱ्या बँकेकडून तुमच्या एकटीच्या नावावर लोन घेऊन हे बंद करायचं, बॅलन्स ट्रान्सफर. फ्लोटिंग रेटच्या होम लोनला मुदतीआधी फेडल्याचा दंड वैयक्तिक कर्जदाराला लागत नाही, कोणी मागितला तर देऊ नका. जुनं लोन पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५००० रुपये.

तुमचा हिशोब करून बघितला. साडेआठ टक्के धरतो, थोडा चढाच. ३६ लाख २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ३१,२०० येतो, २५ वर्षांसाठी २९,०००. ६८ हजारावर बँक साधारण निम्म्यापर्यंत हप्ते मान्य करते, म्हणजे ३४ हजार, आणि त्यात तुमच्या पर्सनल लोनचे सहा हजार धरले जातात. तेवढं लोन आधी उरकून टाका, मग ३६ लाखांत बसता. पण त्याच्या हिश्श्यासाठी वर अजून २२ लाख (८० वजा ३६, त्याचं अर्धं) कर्ज काढायचं म्हटलं तर ५८ लाखाला २५ वर्षांनीसुद्धा ४६,७०० हप्ता होतो, तो कुठलीही बँक तुमच्या पगारावर देणार नाही. तेव्हा खरा प्रश्न लोनचा नाहीच, त्या २२ लाखांचा आहे.

सोलापुरी_चटणी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विकून टाका. ८० आले, ३६ बँकेचे गेले, ४४ राहिले, दोघांनी वाटून घ्या आणि मोकळे व्हा. जुन्या घरात राहून जुन्या माणसाशी कागदापत्रांचं नातं ठेवायचं आणि वर पगाराचा निम्मा भाग हप्त्यात घालायचा, कशासाठी? घर काय परत घेता येतं.

बाकी लोन चालू असलेला फ्लॅट विकता येत नाही असं लोकांना वाटतं ते चुकीचं आहे. बँकेकडून फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचं ते पत्र) आणि कागदपत्रांची यादी घ्यायची, घेणाऱ्याची बँक आधी तुमच्या बँकेला पैसे देते, उरलेले तुमच्या दोघांच्या खात्यात वेगवेगळे. सह्या मात्र दोघांच्या लागतात.

रावेतकरीण

@जुना_बँकर काका, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. जीपेचं आजच बदलते.

@सोलापुरी_चटणी राग नाही, भावानेही हेच सांगितलं. पण मुलीची शाळा सोसायटीच्या मागच्या गल्लीत आहे, आई-बाबा चिंचवडला आहेत आणि तिला शाळेतून आणणं तेच करतात. २२ लाखात मला या भागात वन बीएचकेचं डाउन पेमेंट होईल फार तर, मग परत लोन, परत स्टॅम्प ड्युटी. त्यामुळे जमेल तोवर ठेवायचाच आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. घर घेताना बाबांनी ८ लाख दिले होते, बिल्डरच्या नावाने चेक दिला होता. तो म्हणतो ते लग्नातलं देणं होतं, हिशोबात धरायचं नाही. आणि पोटगी मी मागितलेली नाही, फक्त मुलीच्या खर्चाचं ठरायचंय.

कोर्टाची_पायरी

मी वकिली करते, जास्त करून फॅमिली मॅटर्स. तुमची फाइल बघितलेली नाही त्यामुळे हे सर्वसाधारण समजा, पण काही गोष्टी तुमच्या वकिलांना विचाराच.

पहिलं, वडिलांचा चेक. बँक स्टेटमेंटची सर्टिफाइड कॉपी आणि बिल्डरची पावती काढून ठेवा, सात वर्षांपूर्वीचं आहे, नंतर मिळायला त्रास होतो. हे पैसे कर्ज की भेट यावर कोर्टात भांडत बसलात तर वर्षं जातील, पण वाटाघाटीत चेक दाखवता येणं म्हणजे अर्धं काम. ४४ मधून ८ वजा केले की ३६, त्याचा अर्धा १८, इथून बोलणं सुरू करा. मग पोटगीचं. तुम्ही मागितली नाही हे ठीक, पण कायमस्वरूपी पोटगीवरचा हक्क सोडताय त्याची काही किंमत असते, ती फुकट सोडू नका. मी पाहिलेल्या बऱ्याच केसेसमध्ये नवरा फ्लॅटमधला हिस्सा देतो आणि बायको पोटगीचा दावा सोडते, रोख रक्कम फार थोडी राहते किंवा राहतच नाही. मुलीचा खर्च मात्र यात मिसळू नका, तो तिचा हक्क आहे, आईने सही करून सोडला तरी जात नाही, आणि तो दर महिन्याचा वेगळाच लिहा, शाळेची फी वेगळी.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, सेकंड मोशनची सही. म्युच्युअल डिव्होर्समध्ये सेकंड मोशनपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणजे तोपर्यंत दोघांनाही एकमेकांची गरज असते. डिक्री (घटस्फोटाचा हुकूम) झाली की ती गरज संपते, आणि मग तो फोन उचलत नाही, सब-रजिस्ट्रारकडे यायला त्याला रजा मिळत नाही, बँकेत सही करायला वेळ नाही. तेव्हा बँकेचं सँक्शन (कर्जमंजुरी), हस्तांतराचा दस्त, लोनमधून नाव कमी होणं, हे सगळं सेकंड मोशनच्या आधी. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर कोर्ट दोन मोशनमधला सहा महिन्यांचा काळ माफ करू शकतं म्हणून हल्ली सगळे घाईने माफीचा अर्ज करतात. तुम्ही करू नका. कायद्याने सेकंड मोशनला फर्स्टपासून अठरा महिन्यांपर्यंत वेळ असतो, तो वापरा.

आणि अडचण अशी येते की तो म्हणणार लोनमधून नाव निघाल्याशिवाय हिस्सा सोडणार नाही, आणि बँक म्हणणार फ्लॅट तुमच्या एकटीच्या नावावर झाल्याशिवाय एकटीला लोन नाही, कारण जो मालक तो कर्जदार असलाच पाहिजे असा बँकांचा आग्रह असतो. यावर तोडगा एकच, नवीन बँकेचं सँक्शन लेटर आधी हातात घ्यायचं, त्यात "हस्तांतराचा नोंदणीकृत दस्त सादर केल्यावर वितरण" अशी अट घालून घ्यायची, मग एकाच आठवड्यात दस्त नोंदवायचा आणि चेक जुन्या बँकेला. दस्ताला जुन्या बँकेची एनओसी लागेल, ती आधी मागा, तिलाच सगळ्यात वेळ लागतो.

तुमच्या ड्राफ्टमधली एक ओळ मला मुळीच पुरेशी वाटत नाही. त्यात कमीत कमी हे पाहिजे की अमुक तारखेपर्यंत पत्नीने सँक्शन आणायचं, तोपर्यंत हप्ता कोण किती आणि कुठल्या खात्यातून भरणार, आणि सँक्शन नाहीच मिळालं तर फ्लॅट किमान अमुक किमतीला विकायचा आणि पैसे कसे वाटायचे. ही शेवटची सोय नसेल तर लटकलात. फ्लॅटचं पूर्ण वर्णन (सर्व्हे नंबर, इमारत, क्षेत्रफळ) पिटिशनच्या शेड्यूलमध्येही आहे ना ते बघा. नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये कोर्टाच्या डिक्रीला नोंदणीतून सूट आहे पण समझोत्याच्या डिक्रीत दाव्याबाहेरची मिळकत आली तर ती सूट मिळत नाही.

हप्तेवाला

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या जागी मी होतो, म्हणून लिहितोय. आमच्यात पण सगळं गोडीत झालं, नाशिकचा फ्लॅट तिला दिला, डिक्रीत लिहिलं की हप्ते ती भरेल, आणि मी सुटकेचा श्वास घेऊन बदली घेतली. ती भरतही होती, तक्रार नाही. पण मी स्वतःसाठी लोन मागायला गेलो तर बँकेने माझ्या नावावर अठ्ठावीस हजाराचा हप्ता चालू दाखवला आणि तेवढी एलिजिबिलिटी कापली, मी म्हटलं अहो तो मी भरत नाही, हे बघा डिक्री, तर म्हणे सिस्टीममध्ये तुम्ही को-बॉरोअर आहात. नंतर तिची नोकरी गेली तेव्हा तिचे हप्ते उशिरा जायला लागले आणि वसुलीवाल्यांचे फोन मला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. तिला फोन करायचा तर बोलणं बंद, मग मीच भरले गुपचूप. शेवटी तिच्या भावाने को-बॉरोअर म्हणून सही केली तेव्हा माझं नाव निघालं.

सांगायचा मुद्दा, तुमच्या नवऱ्याला वाटत असेल की हे तुमचं काम आहे, त्याला काय त्याचं. त्याला माझी पोस्ट दाखवा. नाव निघणं ही तुमच्याइतकीच, किंबहुना जास्त, त्याची गरज आहे. एकदा त्याला हे कळलं की २२ लाखाचा आकडा पण थोडा खाली येईल बघा.

आणि हो, भाऊ किंवा वडील को-बॉरोअर म्हणून येत असतील तर विचारा, मालकी न देता नुसतं कर्जदार होता येतं. पण उद्या भावाला स्वतःचं घर घ्यायचं असेल तर त्याचंही माझ्यासारखंच होणार, वहिनीला आधी विचारा 😅

सोलापुरी_चटणी

वहिनीला विचारा +१. माझ्या मेव्हण्याचं यावरूनच बिनसलंय.

अंकगणित

सीए आहे, फक्त टॅक्स आणि स्टॅम्पचं बोलतो.

रिलीज डीड उर्फ हक्कसोड पत्र म्हटलं की लोकांना वाटतं पाचशे रुपयांत काम. तसं नाही. महाराष्ट्रात ती नाममात्र ड्युटी वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला आहे. तुमचा फ्लॅट दोघांनी विकत घेतलेला, त्यामुळे त्याच्या अर्ध्या हिश्श्यावर विक्रीसारखीच ड्युटी. पिंपरी-चिंचवडला ७ टक्के धरा (स्त्रीच्या नावावर १ टक्का सवलत तुमच्या दस्ताला लागते का ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा), ४० लाखावर २ लाख ८० हजार, वर नोंदणी फी ३० हजार. हा खर्च तुमच्या कोणाच्याच हिशोबात दिसला नाही.

दुसरा रस्ता गिफ्ट डीड. राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना दिलं तर मुद्रांक नाममात्र आहे, पालिका हद्दीतला सेस वगैरे वेगळा. पण गिफ्ट बायकोला, म्हणजे डिक्रीच्या आधी. डिक्रीनंतर तुम्ही त्याच्या पत्नी नाही, मग मुद्रांकाची सवलतही नाही आणि इन्कम टॅक्समध्ये तो तुमचा "नातेवाईक" राहत नाही, फुकट मिळालेल्या हिश्श्यावर टॅक्सचा वाद निघू शकतो. कोर्टाची_पायरी यांनी सेकंड मोशनच्या आधी म्हटलंय त्याला हे आणखी एक कारण.

पैसे घेऊन दिलं तर त्याला कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावर टॅक्स. त्याच्या हिश्श्याची किंमत म्हणजे नुसते रोख २२ नाही, त्याच्या वाट्याचं १८ लाखाचं कर्ज तुम्ही डोक्यावर घेताय तेही मोजायचं, एकूण ४०. त्याची खरेदी २८. नफा १२ लाख, सरळ १२.५ टक्क्याने दीड लाख. पण २३ जुलै २०२४ च्या आधीची खरेदी असल्याने इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं) घेऊन २० टक्क्यांचा पर्याय आहे, २०१८-१९ चा इंडेक्स २८० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे खरेदी ३७.६ लाख धरली जाते, नफा २.४ आणि टॅक्स ४८ हजार, सेस वेगळा. फरक बघा. हे त्याला सांगितलंत तर वाटाघाटीत तुमच्याबद्दल मत जरा बरं होईल.

व्याजाची वजावट जुन्या टॅक्स रिजीममध्येच, राहत्या घराला वर्षाला २ लाखापर्यंत, आणि जो मालक आहे आणि स्वतः भरतो त्यालाच. नाव एकटीवर आल्यावर सगळं व्याज तुमचं, रिजीम परत एकदा तपासून बघा.

कोर्टाची_पायरी

@अंकगणित गिफ्टबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. गिफ्ट म्हणजे मोबदला नाही. एकीकडे कन्सेंट टर्म्समध्ये "पतीस १५ लाख दिले व त्याबदल्यात" असं लिहायचं आणि दुसरीकडे गिफ्ट डीड करायचं, हे दोन कागद एकाच फाइलमध्ये आले की मुद्रांक विभाग विचारणारच, आणि उद्या त्याचं डोकं फिरलं तर तोच म्हणेल माझी फसवणूक झाली. कर्ज अंगावर घेऊन हिस्सा घेतला तरी ते निखळ गिफ्ट आहे का यावरही वाद होऊ शकतो. पैसे द्यायचे असतील तर सरळ विक्री किंवा मोबदल्यासह हक्कसोड करा, ड्युटी भरा, झोप शांत लागेल. पैसे नसतीलच तर दस्ताचा मसुदा वकिलाकडून करून घ्या, सब-रजिस्ट्रार ऑफिसबाहेरच्या टायपिस्टकडून नाही.

अंकगणित

मान्य. मी फक्त पर्याय सांगितला, शेवटी दस्त वकिलाचाच.

आखातातून

मी शारजात आहे, धागा वाचून राहवलं नाही. तुमचे मिस्टर परदेशी जाण्याच्या विचारात असतील तर आधीच सह्या घ्या. आम्ही पॉवर ऑफ ॲटर्नीवर केलं, इकडे भारतीय वाणिज्य दूतावासात अटेस्ट करून तिकडे पाठवली, तिकडे पोचल्यापासून तीन महिन्यांत तिला मुद्रांक लावून घ्यावा लागतो, आमच्या एजंटला ते माहीत नव्हतं त्यामुळे परत पाठवावी लागली. शिवाय बँकेला साधी जनरल पॉवर चालली नाही, फ्लॅट आणि लोन अकाउंट नंबर लिहिलेली स्पेशल पॉवर मागितली. कोणाच्या नावाने पॉवर द्यायची यावरून दोन्ही घरांत जे रामायण झालं ते वेगळंच.

रावेतकरीण

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री दोघं फोनवर बोललो, बऱ्याच दिवसांनी न ओरडता. @हप्तेवाला तुमची पोस्ट मी खरंच पाठवली त्याला. त्याने आधी "कोण आहे हा" विचारलं, मग अर्ध्या तासाने मेसेज, की त्यालाही पुढच्या वर्षी घर बघायचं आहे आणि हे त्याला माहीत नव्हतं. हप्ता बंद करायचा विषय सध्या मागे पडलाय.

आकडा अजून ठरलेला नाही पण बाबांच्या ८ लाखांचं तो आता बोलू तरी देतोय. मी सांगितलं की रोख मी जास्तीत जास्त ७-८ देऊ शकते, तेही माझी एफडी मोडून, बाकी पोटगी सोडते त्यात धर. पैसे देणार म्हणजे गिफ्ट नाही हे कळलं, ड्युटी दोघांनी अर्धी-अर्धी भरायची असं सुचवलंय. त्याचं म्हणणं वकिलांना विचारतो.

पर्सनल लोन या महिन्यात संपवते. दोन बँकांना एकटीच्या नावावर किती मिळेल विचारलंय, एकीने सॅलरी स्लिप मागितल्यात. आणि वकिलांना फोन करून सांगितलं की सहा महिने माफीचा अर्ज नको, तर ते म्हणाले अहो मॅडम सगळे लवकर मागतात, तुम्हीच पहिल्या 🙂

अजून एक विचारायचं राहिलं, लोनबरोबर बँकेने एक विमा पण दिला होता, दोघांच्या नावाचा, त्याचा प्रीमियम लोनमध्येच मिळवलेला. त्याचं काय होतं? आणि सोसायटीत काय काय बदलावं लागेल?

जुना_बँकर

ती सिंगल प्रीमियमची क्रेडिट लाइफ पॉलिसी असणार. लोन दुसरीकडे गेलं की ती आपोआप तुमच्या नव्या लोनला लागत नाही. सर्टिफिकेट काढून वाचा, लोन आधी बंद झालं तर उरलेल्या मुदतीचे काही पैसे परत मिळण्याची तरतूद बहुतेक पॉलिसींत असते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. लोन क्लोजरच्या दिवशीच अर्ज द्या आणि पोच घ्या. नवीन बँक पुन्हा तसाच विमा गळ्यात मारेल, सक्तीचा नाही. पण एकटीचा पगार आणि लहान मुलगी म्हटल्यावर साधा टर्म इन्शुरन्स स्वतः घ्या, स्वस्त पडतो. मुलगी अल्पवयीन आहे तेव्हा नॉमिनेशनमध्ये तिच्यासाठी कोण पैसे घेणार त्याचं नाव विचार करून लिहा, भरायचं म्हणून भरू नका.

सोसायटीत नोंदलेल्या दस्ताची कॉपी आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) देऊन शेअर सर्टिफिकेटवरून त्याचं नाव कमी करायचं, नॉमिनेशन फॉर्म नवीन भरायचा, जुन्यात तोच नॉमिनी असेल. मग पालिकेचा मिळकत कर आणि महावितरणचं मीटर. मीटर कोणाच्या नावावर आहे बघितलंत का? बहुतेकांचं अजून बिल्डरच्या नावावर निघतं.

रावेतकरीण

आत्ता बिल काढून बघितलं. बिल्डरच्याच नावावर आहे 🤦‍♀️